वाचकांचे प्रश्न : थॉमस सलीची वही, तपकिरी शाई आणि वॉश

थॉमस सली (१७८३–१८७२) इंग्लंडमध्ये जन्मला, १७९२ मध्ये नट असलेल्या आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे फिलाडेल्फियात स्थिरावला. तिथला तो आघाडीचा व्यक्तिचित्रकार. वीस डॉलरच्या नोटेवरचा अँड्र्यू जॅक्सनचा चेहरा त्याच्याच चित्रावरून घेतलेला आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याची १८१० ते १८२० या काळातली रेखाटनवही आहे. तिची पानं पाहून आणि एकूणच त्या काळच्या शाई-वॉशच्या (वॉश म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या शाईची ब्रशने दिलेली छटा) कामाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : वही व्यक्तिचित्रकाराची, पण चेहरे अगदी जुजबी. कुठे डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके, कुठे तेही नाहीत. हे अर्धवट सोडलेलं काम समजायचं का?

उत्तर : अर्धवट नाही. त्या पानाकडून चित्रकाराला तेवढंच हवं होतं. चेहऱ्याचं साम्य साधायचं ते माणूस समोर बसल्यावर. त्याआधी ठरवायच्या गोष्टी निराळ्या असतात. माणूस उभा की बसलेला, भार कोणत्या पायावर, हात कुठे जाणार, उजेड कोणत्या बाजूने येणार, आणि पाठीमागचा अंधार डोक्याच्या कोणत्या कडेला टेकणार. हे सगळं तळहाताएवढ्या चौकटीत, थोड्या वेळात ठरवता येतं. कॅनव्हासवर ते बदलायला बसलं तर दिवस जातात.

त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत व्यक्तिचित्रांच्या कॅनव्हासची मापं रूढ होती आणि चित्राची किंमत मापाप्रमाणे वाढत असे. छातीपर्यंतचं चित्र ३० × २५ इंच, हात दिसणारं ‘किटकॅट’ ३६ × २८, ‘हाफ-लेंग्थ’ ५० × ४०, पूर्ण उभ्या आकृतीचं ९४ × ५८. छातीपर्यंतच्या चित्रात हातांचा प्रश्नच येत नाही. हाफ-लेंग्थ आलं की दोन हात, खुर्ची, पदराची किंवा कोटाची घडी, मागचा पडदा, सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. म्हणून एकाच पानावर तीच बसलेली बाई तीन प्रकारे काढलेली दिसली तर ती उजळणी नाही, निवड चालली आहे.

सलीने आपल्या चित्रांची नोंदवही १८०१ पासून ठेवली होती. तिच्यात सुमारे २,६०० चित्रांची नोंद आहे. सत्तर वर्षांवर वाटली तरी वर्षाला पस्तीसच्या वर चित्रं होतात. इतकं काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी नव्याने ‘बैठक’ शोधत बसणं परवडणारं नव्हतं. वही म्हणजे त्याच्यासाठी तयार ठेवलेला साठा. शिवाय तो केवळ गिऱ्हाइकांची चित्रं करत नसे. आई-मुलासारखे विषयही रंगवत असे आणि ‘पॅसेज ऑफ द डेलावेअर’ (१८१९, आता बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये) हे त्याचं जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि सव्वापाच मीटर रुंद आहे. अशा कामाला आधी छोट्या मापात डोकं लढवावंच लागतं.

पानं बघताना रेषेच्या आधी वॉश बघा. डोळे बारीक करून पाहिलंत तर रेषा पुसट होतात आणि दोन-तीन छटांचे तुकडे उरतात. चेहऱ्याची उजळ बाजू गडद पार्श्वभूमीवर आणि सावलीची बाजू उजळ पार्श्वभूमीवर, ही उलटापालट कुठे केली आहे ते शोधा. रेषा सैरावैरा असली तरी हे तुकडे नेमके असतात. सली १८०९–१० मध्ये लंडनला बेंजामिन वेस्टकडे शिकायला गेला होता आणि तिथे थॉमस लॉरेन्सच्या चित्रांनी भारावला. लॉरेन्सचा तो ओला, सैल झगमगाट सलीने उचलला असं नेहमी म्हटलं जातं. माझ्या मते त्या सैलपणाला आधार देतं ते हे छटांचं आधीच केलेलं नियोजन. ते नसतं तर ते रंगलेपन नुसतं गुळगुळीत झालं असतं.

प्रश्न : त्या पिढीतले सगळे अमेरिकन व्यक्तिचित्रकार अशा वह्या ठेवत होते का?

उत्तर : नाही. गिल्बर्ट स्टुअर्ट जवळजवळ रेखाटन न करता थेट ब्रशने कॅनव्हासवर सुरुवात करायचा, त्यामुळे त्याच्या अशा वह्या शोधण्यात अर्थ नाही. कॉप्ली १७७४ मध्ये अमेरिका सोडून गेल्यावर मोठी ऐतिहासिक चित्रं करू लागला, तेव्हा त्याने अभ्यासचित्रं केली ती बहुतेक निळसर-करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने, अनेकदा वर चौकटींची जाळी आखून. पेन आणि वॉश हे खरं वळण वेस्टचं आणि त्याच्या लंडनच्या स्टुडिओत शिकलेल्यांचं. ट्रम्बुल त्यातलाच आणि सलीही.

प्रश्न : रेषा तपकिरी दिसतात. तेव्हा तपकिरी शाईच वापरायचे, की काळी शाई उडून तपकिरी झाली? सेपिया म्हणतात ती हीच का?

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी याचं खात्रीचं उत्तर देता येत नाही. म्हणूनच आता संग्रहालयं लेबलवर सरळ ‘तपकिरी शाई’ लिहितात. शक्यता चार आहेत.

पहिली, आणि लिहिण्याच्या टेबलावर हमखास असलेली, म्हणजे मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई. मायफळातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह यांचा संयोग होऊन हवेत काळा रंग तयार होतो. ही शाई दशकांनी तपकिरी पडते. तेव्हा आज तपकिरी दिसणारी रेषा काढली तेव्हा काळी असू शकते. दुसरी बिस्टर (bistre). बीचच्या लाकडाची काजळी पाण्यात उकळून, गाळून, डिंक घालून केलेली ही शाई पहिल्यापासून तपकिरीच असते, पिवळसर ते गर्द. तिसरी सेपिया, कटलफिशच्या शाईच्या पिशवीतून काढलेली. चित्रकारांमध्ये ती पसरली अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. म्हणजे सलीच्या काळात ती असू शकते, पण १७५०–६० च्या रेखाटनावर कुणी ‘सेपिया’ लिहिलं असेल तर ते अंदाजाने लिहिलेलं समजा. चौथी काजळाची म्हणजे कार्बनची शाई, चिनी कांडीची. ती पातळ केली की करडी होते, तपकिरी पडत नाही. एकाच पानावर तपकिरी रेषा आणि करडा वॉश दिसला तर दोन शाया वापरल्या आहेत एवढं निश्चित.

ओळखायच्या काही खुणा आहेत. पान उलटून पाहा. रेषेच्या मागे तपकिरी छाया उमटली असेल, रेषेभोवती पिवळट वलय असेल किंवा जाड रेषेत कागद तडकला असेल, तर लोहाची शाई. अवरक्त प्रकाशात, १,००० नॅनोमीटरच्या आसपास, लोहाची शाई जवळजवळ दिसेनाशी होते आणि कार्बन काळाच राहतो. बिस्टर आणि सेपिया यांच्यात फरक करायचा तर प्रयोगशाळाच गाठावी लागते.

प्रश्न : मायफळाची शाई घरी करून त्याच पद्धतीने रेखाटन करावं म्हणतो. प्रमाण द्याल का?

उत्तर : जुन्या कृतींमध्ये सर्वांत जास्त आढळणारं वजनाचं प्रमाण मायफळ ३, हिराकस २, अरबी डिंक १ असं आहे. ६० ग्रॅम मायफळ जाडसर कुटून साधारण ६५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात तीन-चार दिवस भिजत ठेवा किंवा मंद आचेवर तासभर उकळा. दोन पदरी कापडातून गाळा. त्यात ४० ग्रॅम हिराकस ढवळून विरघळवा आणि शेवटी २० ग्रॅम डिंक, आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या, लोखंडी-ॲल्युमिनियमचं नको. हिराकस पोटात जाऊ देऊ नका आणि शाईचे डाग कपड्यावरून निघणार नाहीत हे गृहीत धरा.

आता सल्ला. रेषेचा अनुभव घ्यायला ही शाई जरूर करा, पण वॉशसाठी वापरू नका. कारणं दोन. ही शाई कागदावर टेकते तेव्हा फिकी असते आणि काही तासांत काळी पडत जाते. त्यामुळे वॉश देताना समोर जी छटा दिसते ती उद्याची नसतेच, आणि छटा जुळवणं हाच वॉशचा सगळा उद्योग. दुसरं, तिच्यात आम्ल असतं आणि वरच्या कृतीत हिराकस टॅनिनच्या मानाने जास्तच पडतं. संयोगात न अडकलेलं लोह कागदाच्या तंतूंना आतून खात राहतं. रेषेपुरतं ते रेषेखालीच चालतं, वॉश दिला की अख्खा भाग त्या तावडीत सापडतो. शुद्ध टॅनिक आम्ल मिळत असेल तर त्याच्या १० भागांना हिराकस ६ भाग हे प्रमाण पुष्कळ संतुलित आहे. पोलादी निब वापरलीत तर काम संपताच धुवा, नाही तर ती गंजते.

प्रश्न : आजच्या साहित्याने शाई-वॉशचं छोटं संयोजन करायचं तर क्रम काय ठेवावा? माझं प्रत्येक वेळी शेवटी चिखल होतो.

उत्तर : चिखल होतो तो बहुधा छटा जास्त झाल्याने. कागदाचा पांढरा धरून चारच छटा ठेवायच्या, पाचवी नाही.

कागद गुळगुळीत पृष्ठाचा, सुती, ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. खरबरीत कागदावर वॉश सुंदर बसतो पण निब अडखळते. २०० ग्रॅमच्या खालच्या वहीत पान फुगतं, त्याच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि तिथेच डाग पडतो. पातळ कागद वापरायचाच असेल तर सुटा घ्या, पाच मिनिटं पाण्यात भिजवा आणि गोंदपट्टीने चारही कडांनी बोर्डावर चिकटवून पूर्ण वाळू द्या. गोल ब्रश दोन, ६ किंवा ८ नंबरचा शाईसाठी आणि तेवढाच दुसरा स्वच्छ पाण्यासाठी. बारीक ब्रश बाजूला ठेवा, तो हातात असला की माणूस तपशिलात शिरतो.

तीन बशा घ्या. पहिलीत शाईच्या १ थेंबाला २५–३० थेंब पाणी, दुसरीत १ ला १०, तिसरीत १ ला ४. शायांची तीव्रता सारखी नसते, म्हणून आकडे सुरुवातीपुरते. खरी परीक्षा त्याच कागदाच्या पट्टीवर. तिन्ही छटा लावा आणि *वाळल्यावर* बघा, कारण ओला वॉश नेहमी जास्त गडद दिसतो. पाणी ऊर्ध्वपातित हवं. लाखयुक्त इंडियन इंक जड पाण्यात पातळ केली की कधी कधी कण एकत्र येतात आणि वॉश रवाळ होतो. लोक दोष कागदाला देतात.

चौकट आखा, ८ × १० सेंटिमीटर. हे ५० × ४० इंचांच्या कॅनव्हासचं प्रमाण आहे. छातीपर्यंतच्या चित्राला ६ : ५, पूर्ण उभ्या आकृतीला साधारण १.६ : १ ठेवा. चौकटीशिवाय काढलेली आकृती पुढे कॅनव्हासमध्ये बसवताना पाय तरी कापले जातात, नाही तर डोक्यावर मोकळी जागा उरते. पेन्सिलीने आकृतीचा कणा, खांद्यांचा आणि कमरेचा उतार, डोक्याचा अंडाकार, बस्स. दोन मिनिटांहून जास्त वेळ पेन्सिल चालली तर पुढे तुम्ही नुसतं गिरवाल.

बोर्ड दहा-पंधरा अंश तिरपा ठेवा. पहिल्या बशीतला वॉश घेऊन उजेडाच्या जागा सोडून *सगळीकडे* द्या, पार्श्वभूमीसकट. ब्रश भरलेला हवा, खालच्या कडेला पाण्याचा एक मणी सतत लोंबता राहिला पाहिजे. त्याला खाली खाली ओढत न्या आणि शेवटी ओलसर ब्रशने टिपून घ्या. कोरा राहिलेला भाग चौकटीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याहून मोठा असला तर उजेड विखुरला आहे असं समजा.

मग थांबा. सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवा, गार लागला तर आत ओल आहे. अर्धवट वाळलेल्या वॉशवर ओला ब्रश टेकला की नवीन पाणी जुन्या शाईचे कण पुढे ढकलतं आणि ते कडेला जमून झालरीसारखा डाग पडतो. तो पुसायला गेलात तर वाढतो. पूर्ण वाळू द्या आणि पुढच्या गडद छटेत त्याला सामावून घ्या.

दुसरी छटा म्हणजे सावल्या. चेहऱ्याची सावलीची बाजू, मान, कोटाची आतली बाजू आणि पार्श्वभूमीची गडद बाजू यांना शक्य तिथे एकत्र जोडा. गालाची सावली वेगळी, मानेची वेगळी, कॉलरची वेगळी असं केलंत की तुकडे पडतात आणि डोकं खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसतं. एखादी कड मऊ हवी असेल तर वॉश ओला असतानाच दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या ब्रशने तिच्यावरून एकदाच जा. एकदाच. तीनदा गेलात तर कागदाचं पृष्ठ उकलतं.

पेन यानंतर. आधी रेषा काढून वर वॉश देण्याची रीतही जुनीच आहे, पण तिला पाणी न सोडणारी शाई लागते. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया रंगद्रावणाच्या असतात, पहिल्याच वॉशला पसरतात. आणि लाखयुक्त इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये भरू नका, नळी कायमची बंद होईल. वॉश आधी आणि रेषा नंतर केली की आणखी एक फायदा होतो. छटेने जे आधीच सांगितलं आहे ते रेषेने पुन्हा सांगावं लागत नाही, त्यामुळे रेषा तुटक आणि मोकळी येते. उजेडाच्या बाजूची कड बरेचदा रेषेविना सोडता येते. कागद कोरडा नसेल तर निब तंतू उचलते आणि रेषा केसाळ होते.

शेवटची, तिसऱ्या बशीतली छटा फक्त हनुवटीखाली, केसांच्या गाभ्यात, बोटांच्या फटीत, बाहीच्या तोंडाशी. चौकटीच्या शेकडा पाचांहून जास्त जागा तिला देऊ नका. ती चकाकू लागली तर शाई फार दाट आहे.

मोठं करताना ८ × १० च्या चौकटीवर एक-एक सेंटिमीटरची जाळी आखा. कॅनव्हासवर प्रत्येक चौकोन ५ इंचांचा होतो. म्हणजे जवळपास तेरा पट वाढ, आणि रेखाटनातली मिलिमीटरची चूक तिथे सव्वा सेंटिमीटरची. म्हणून जाळीने फक्त जागा न्यायच्या, आकार नव्याने काढायचे.

प्रश्न : पिसाचा टाक करायचा आहे. निबसारखी रेषा येत नाही म्हणे?

उत्तर : येत नाही, वेगळी येते. हंसाच्या पंखाच्या टोकाकडची पहिली पाच मोठी पिसं घ्या. डाव्या पंखाची पिसं उजव्या हाताच्या माणसाला बरी, त्यांचा बाक हातापासून दूर जातो. दांड्याची तंतुपिसं बहुतेक काढून टाका, हातात धरायच्या जागेची तर सगळीच. दांडा रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग गरम वाळूत काही वेळ खुपसून ठेवा. अर्धपारदर्शक दांडा कडक, काचेसारखा झाला की वरची साल खरवडून काढा. कच्चा दांडा कापताना चिरफाळतो, बहुतेकांचं बिघडतं ते हे न केल्याने.

धारदार पात्याने आधी लांब तिरपा काप घ्या आणि आतला भेंड काढा. मग चीर, पाच ते आठ मिलिमीटर. पातं दांड्यात किंचित रोवून हलकेच उचकटा, चीर आपोआप सरळ जाते. त्यानंतर दोन्ही बाजूंनी खांदे काढून टोक निमुळतं करा आणि शेवटी कठीण सपाट गोष्टीवर ठेवून टोक आडवं छाटा. चीर आधी आणि खांदे नंतर. उलट केलंत तर चीर मध्यावर येत नाही.

पिसाचं टोक दाबलं की पसरतं पण कागदात रुतत नाही. पोलादी निब जोरात दाबली की रेषेच्या दोन्ही कडांना बारीक चरे पडतात. पोलादी निबी सर्रास झाल्या त्या १८२०–३० नंतर, त्यामुळे ही खूण जुनं रेखाटन तपासतानाही उपयोगी पडते.

प्रश्न : ‘सली’ असं मागे लिहिलेलं एक सुटं शाईचं रेखाटन विक्रीला आहे. घेण्याआधी काय पाहावं?

उत्तर : त्या नावापासून सुरुवात नको. त्या घराण्यात चित्रं काढणारे बरेच होते. भाऊ लॉरेन्स सली सूक्ष्मचित्रं करायचा, पुतण्या रॉबर्ट मॅथ्यू सली चित्रकार, मुलगी जेन चित्रकार, आणि मुलगा आल्फ्रेड सैन्यात अधिकारी असूनही जलरंगात काम करायचा. आडनाव खरं असलं तरी थॉमस सिद्ध होत नाही.

कागद उजेडासमोर धरा. समांतर दाट रेघांची जाळी दिसली तर जुन्या घडणीचा, सपाट ढगाळ दिसला तर ‘वोव्ह’ घडणीचा कागद. वोव्ह इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात आला, तेव्हा सलीच्या काळात दोन्ही चालतात. वॉटरमार्कमध्ये नाव आणि वर्ष असेल तर नशीब. १७९४च्या इंग्रजी कायद्यामुळे निर्यातीच्या कागदावर वर्ष टाकण्याची रीत पडली. ‘व्हॉटमन’ या इंग्रजी कागद-गिरणीच्या कागदावर ते हमखास दिसतं. पण वर्ष फक्त एवढंच सांगतं की रेखाटन त्याच्या *आधीचं* नाही. जुना कोरा कागद नंतर कुणीही वापरू शकतो.

अतिनील टॉर्चखाली कागद निळा-पांढरा झगमगला तर त्यात उजळपणाचं रसायन आहे. म्हणजे कागद विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, चर्चा संपली. काठ तपकिरी आणि ठिसूळ झाला असेल तर लाकडाच्या लगद्याचा संशय घ्या, तो कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरला. एका कडेला शिवणीची छिद्रं दिसली तर पान वहीतून निघालं आहे. त्यांचं अंतर ज्ञात वहीच्या शिवणीशी ताडून बघता येतं. सलीच्या रंगचित्रांवर ‘टी’ आणि ‘एस’ गुंफलेली खूण आणि वर्ष आढळतं, पण वहीच्या पानावर ती असलीच पाहिजे असं नाही. उलट, झपाट्याने केलेल्या छोट्या रेखाटनावर ठसठशीत सही दिसली तर मला जास्त संशय येईल. मालकीची साखळी विचारा. ती लेखी नसेल तर ‘अमेरिकन चित्रकार, एकोणिसावं शतक’ म्हणून जी किंमत होईल तीच द्या.

प्रश्न : जुन्या वहीत शाईच्या जागी कागद तपकिरी होऊन भोकं पडू लागली आहेत. पाण्याने धुवून आम्ल काढता येईल का?

उत्तर : पाणी लावू नका, ओलं फडकंसुद्धा नको. ओल मिळाली की सुटं लोह आणि आम्ल रेषेतून बाहेर पसरतं आणि आज कोरा असलेला कागदही बाधित होतो. चिकटपट्टी, लॅमिनेशन, आम्लनाशक फवारा, यातलं काहीही घरी करू नका.

वही आडवी ठेवा, आम्लविरहित पेटीत. बाधित पानांमध्ये आम्लविरहित पातळ टिश्यू घाला, पण सगळ्याच पानांत नको. जाडी वाढून शिवणीवर ताण येतो. सापेक्ष आर्द्रता ४५–५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर हवी. सतत वरखाली होणं हे किंचित जास्त असण्यापेक्षा वाईट. वही पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन शंभर-एक अंशांत ठेवा. पान उलटताना त्याखाली गुळगुळीत पुठ्ठा सरकवून त्याच्यासकट उलटा. तडकलेली रेषा पान वाकलं की तुटते. प्रदर्शनात ठेवायची तर ५० लक्सच्या आत, तीही थोडे महिनेच आणि पान बदलत.

सुटं लोह आहे का हे पाहायला बॅथोफेनॅन्थ्रोलिनची चाचणीपट्टी मिळते. ती थेंबभर पाण्याने ओलसर करून टिपतात आणि मग शाईवर अर्धा मिनिट दाबून धरतात. गुलाबी झाली तर लोह मोकळं आहे. हे कामही कागद-संरक्षकाकडून करून घ्या, कारण पट्टी जास्त ओली राहिली तर डाग राहतो. नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात विकसित झालेला कॅल्शियम फायटेट आणि कॅल्शियम बायकार्बोनेटचा उपचार लोहाला बांधतो आणि आम्ल उतरवतो. पण तो पाण्यातला उपचार आहे. वही उसवावी लागते, आणि पानावर लोहाच्या शाईबरोबर बिस्टरचा किंवा जलरंगाचा वॉश असेल तर तो उडण्याचा धोका असतो. म्हणून वॉशच्या रेखाटनांना संरक्षक बहुधा तो देत नाहीत. तुटलेल्या जागा मागून अतिपातळ जपानी कागदाने आणि जिलेटिनने, कमीत कमी ओलीत, जोडतात. जिलेटिन घेतात कारण ते सुटं लोह काही प्रमाणात धरून ठेवतं. खळीने ते होत नाही.

प्रश्न : अशा वह्या प्रत्यक्ष पाहता येतात का?

उत्तर : प्रकाशामुळे त्या दालनात क्वचितच असतात. मोठ्या संग्रहालयांत रेखाटनांसाठी अभ्यासकक्ष असतो आणि आधी लिहून वेळ घ्यावी लागते. कोणतं पान, का पाहायचं आहे आणि डिजिटल प्रतीवरून ते का भागत नाही, हे पत्रात नेमकं लिहा. आत फक्त पेन्सिल नेऊ देतात, शाईचं पेन नाही. छोटं भिंग न्या आणि तिरप्या उजेडात पान दाखवायची विनंती करा. रेषा आधी की वॉश आधी हे डिजिटल प्रतीत बहुतेक कळत नाही. तिथे भिंगाखाली दिसतं. रेषेवरून वॉश गेला असेल तर रेषेची कड किंचित विरघळलेली असते, आणि वाळलेल्या वॉशवर नंतर काढलेल्या रेषेची कड स्वच्छ असते.